एका बादलीची सात कामं

चहा उकळेपर्यंतच सांगून टाकते, म्हणजे हसताना तुमच्या हातात कप नसेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाला येणारी टँकरची दुसरी खेप बंद झाली, ती माझ्यामुळं. मी पाणी सांडलं नाही, चोरलं नाही, विकलं नाही. मी ते फक्त मोजलं.

आमचं गाव पालीच्या धरणापासून फार लांब नाही. धरण जवळ असलं तरी आमच्या विहिरीला त्याचं काही पडलेलं नाही. एप्रिल लागला की विहीर तळ दाखवते आणि दिवसाला टँकरच्या दोन खेपा येतात. सकाळची खेप पिण्यात आणि स्वयंपाकात संपते. बाकी सगळं, म्हणजे धुणं, भांडी, जनावरं, आंघोळी, हे दुपारच्या खेपेवर. तेव्हा दुपारची खेप म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तर बचत गटातून माझं नाव एका पाहणीसाठी गेलं. आधी तीन दिवस शिकवणी होती. पुण्याहून अनघा मॅडम आल्या होत्या, बारीक चणीच्या, फार गोड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "देश वर्षाला किती कमावतो याचा हिशेब दिल्लीत होतो. त्यात तुमच्या म्हशीचं दूधही धरलेलं असतं. पण ते दूध निघायला पाणी किती लागलं, आणि त्यातलं किती घाण होऊन ओढ्याला गेलं, हे त्या हिशेबात कुठंच दिसत नाही. आता हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडायचे आहेत. कमाई एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला."

मला हे फार पटलं. शिवाय आमच्या म्हशीचं दूध दिल्लीच्या हिशेबात आहे, हे मला तेव्हाच कळलं. त्या संध्याकाळी मी म्हशीला जरा मानानं पेंड घातली.

कागदावर तीन रकाने होते. काम कोणतं, पाणी किती, आणि घाण होऊन बाहेर किती. मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "ताई, एकही वापर सुटता कामा नये." आता मला कुणी काही बजावलं, की मी ते करतेच. हाच तर माझा दोष.

पहिलं घर माझंच घेतलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओट्यावर बसून बघत होत्या.

"काय लिहायलीस?"

"पाणी कशाकशाला लागतं ते."

"कावून? आमी पाणी पितो, हे सरकारला ठाव न्हाई का?"

"प्यायचं वेगळं, आत्याबाई. बाकी कामं सांगा."

मग आत्याबाईंनी सांगितली आणि मी लिहिली. भाजी धुणे, पंधरा लिटर. त्यातच खरकटी भांडी भिजवणे, पंधरा लिटर. लेकरांचे पाय धुणे, पंधरा लिटर. गोठ्यात शिंपडणे, पंधरा लिटर. खाली उरलेला गाळ कढीपत्त्याला, तो पंधरा लिटर नसणार हे मलाही कळत होतं, पण बादली पंधराची होती. घाण होऊन बाहेर किती? काहीच नाही. कढीपत्त्यापुढं पाणी जातंय कुठं?

बादली एकच होती, हे खरं. पण मॅडमनी बादल्या विचारल्या नव्हत्या, कामं विचारली होती.

दुसरं घर चंद्रकलाचं. तिची लेक बाळंतपणाला आलेली, घरात दहा दिवसांचं बाळ. मी ओट्यावर बसले न बसले तोच तिनं विचारलं, "आत्याबाईनं किती सांगितली?"

"एका बादलीत पाच कामं."

"पाच? अगं, पाच तर माझी लेक बाजंवर बसून करंल. माझी सात लिही."

आणि तिनं सात मोजून दाखवली. बाळाचे लंगोट खळबळले, त्या पाण्यात गोधडी भिजवली, ते पाणी ओट्याला, मग अंगणाला, मग गोठ्याला, मग संडासात, आणि तळाचं लिंबाच्या झाडाला. मी सातही लिहिली. तिनं कागदावर वाकून खात्री करून घेतली. वाचता येत नाही तिला, पण ओळी मोजता येतात.

ही बातमी माझ्याआधी गल्लीत पोचली. पुढच्या घरी मला आठ मिळाली. त्याच्या पुढच्या घरी नऊ, त्यातलं एक काम "कोंबडीला पाजणे" होतं आणि कोंबडी मला दिसली नाही, पण मी भांडले नाही. आयुष्यभर ज्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं की एवढ्याशा पाण्यात घर कसं ओढता, त्यांना पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं. त्या भरभरून सांगत होत्या. मीही भरभरून लिहीत होते.

एक घर तेवढं वेगळं निघालं. बबनराव जीप चालवतात. त्यांची बायको माहेरी गेली होती.

"मी काय सांगू, काकू?" ते म्हणाले. "ड्रमात पाइप टाकतो, जीप धुतो. तेवढंच मला म्हाईत."

"किती बादल्या होतील?"

"धरा तीन."

पाइपाचं पाणी पार रस्त्यापर्यंत गेलेलं दिसत होतं. पण काम एकच. एक ओळ लिहिली आणि निघाले.

तीन आठवड्यांनी वरून पत्र आलं. आमचे सरपंच दत्ताभाऊ पत्र घेऊन थेट आमच्या ओट्यावर आले. चहाही घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काही तरी बिनसलंय.

"काकू, तुमी काय लिहून पाठवलंत?"

"खरं तेच लिहिलं, भाऊ."

"मग हे ऐका. आपलं गाव माणशी जेवढं पाणी वापरतं, तेवढं मोठ्या शहरात बी वापरत न्हाईत. आन् आपल्या गावात घाण पाणी निघतच न्हाई. म्हंजे गावात कुठं तरी लपवलेलं पाणी हाय, असा त्यांचा संशय हाय. चौकशी होईपर्यंत दुपारची खेप बंद."

मी म्हटलं, "असं कसं होईल?"

"अजून हाय. उधळ्या घरांच्या यादीत तुमचं न् चंद्रकलाबाईचं बी नाव हाय. आन् सगळ्यात काटकसरीचं घर कुणाचं, सांगू का? बबनचं. त्याचं कौतुक केलंय."

आत्याबाईंनी आयुष्यात पाण्याचा थेंब वाया घालवलेला नाही. पावसाळ्यातसुद्धा त्या तांब्या अर्धाच भरतात. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि आत गेल्या. 

चंद्रकला तर तोंडावरच म्हणाली, "शकूताई, बाळाचे लंगोट काय आता डिझेलनं धुवू?"

चार दिवस दुपारची खेप आली नाही. पाचव्या दिवशी अनघा मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक साहेब चौकशीला आले. साहेबांनी पहिला प्रश्न आत्याबाईंना विचारला, "आजी, तुमची पाण्याची टाकी कुठंय?"

"टाकी? रांजण हाय की, त्यो काय. त्येच्या बुडाला काय दिसतंय का बघा, मला तर कालपासून दिसंना गेलंय."

साहेबांनी खरंच रांजणात डोकावून बघितलं.  मॅडम मात्र ओट्यावर बसल्या आणि आत्याबाईंची बादली बघत राहिल्या. बादली भाजीकडून भांड्यांकडं गेली, भांड्यांकडून लेकरांच्या पायांकडं, तिथून गोठ्याकडं. कढीपत्त्यापाशी पोचेपर्यंत मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हसून आलं होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "जी बाई जास्त काटकसर करते, ती तुमच्या कागदावर जास्त उधळी दिसते. पाणी घरात येतं तेव्हा एकदाच मोजायचं. पुढची कामं 'पुन्हा वापरलेलं' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा. तेवढं वजा करायचं, झालं."

मला सगळं लख्ख समजलं. म्हणजे तसं वाटलं. दोन दिवसांत सगळ्या घरांचे कागद मी नव्यानं भरून पाठवले. बबनरावांचाही भरला, त्यांची बायको परत आली होती.

त्या आठवड्यात सकाळच्या खेपेला आम्ही सगळ्या हंडे घेऊन उभ्या होतो. तेवढ्यात दत्ताभाऊंचा फोन वाजला. पलीकडं तेच साहेब होते. दत्ताभाऊंना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात.

साहेब म्हणत होते, "सरपंच, नवीन कागद मिळाले. तुमच्या गावात पाणी येतं त्यापेक्षा जास्त उरतंय, असं दिसायलंय. एकेका घरात उणे आकडे आहेत. आता दुपारच्या खेपेची गरज नसावी. उलट वरच्या वाडीला पाणी कमी पडतंय, तर तुमच्याकडून एखादी खेप देता येईल का?"

 हंडे घेतलेल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं.

काय केलं होतं मी? सांगते. घरात आलं पंधरा लिटर. पुन्हा वापरलं साठ. मॅडम म्हणाल्या होत्या वजा करा, मी पंधरातून साठ वजा केले. उत्तर आलं उणे पंचेचाळीस. ते मी नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं. उणे उत्तर येऊ शकतं, हे शाळेत शिकवलेलं माझ्या पक्कं लक्षात होतं. वजा सगळ्या कामांच्या जुन्या बेरजेतून, म्हणजे पंचाहत्तरातून करायचं होतं, एवढंच सुटलं. चंद्रकलाच्या घरी तर उणे पंचाहत्तर आले होते. तिनं पुन्हा सातच सांगितली होती.

चंद्रकला म्हणाली, "दे की शकूताई वाडीला पाणी. तुझ्याच घरून टँकर भरू."

शेवटी मॅडमनी फोनवरून एकेक घर विचारत कागद स्वतः भरले. मला फक्त घराघरांत फोन धरून उभं राहायचं काम दिलं. ते मी न चुकता केलं. त्याच आठवड्यात दुपारची खेप पुन्हा सुरू झाली.

त्या दुपारी टँकर आला तेव्हा मी मुद्दाम रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहिले. मनाला लागलं होतं हो, म्हटलं आज सगळ्यांचं होऊ दे, मग आपण. तर पुढच्या बायका बाजूला झाल्या, आणि मला हाताला धरून थेट नळापाशी नेलं. मला भरून आलं. एवढं सगळं होऊनही माणसं मान देतात, असं वाटलं.

तेवढ्यात मागून चंद्रकलाचा आवाज आला. "भरून घेऊ द्या गं तिला आधी. मोकळी उभी राहिली की ती मोजायला लागती."