किती पावलांवरनं बघणार?

आक्कांच्या यजमानांचा एकुलता एक फोटो मी कढत पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसला, आणि त्यांचा चेहरा फडक्यावर आला. पुठ्ठ्यावर उरली ती बँडवाल्याची टोपी आणि तिच्याखाली पांढरं धुकं.

हेतू चांगला होता. माझे बहुतेक घोटाळे चांगल्या हेतूनंच झालेले आहेत. आक्का म्हणजे मंगळवार पेठेतल्या माझ्या घरमालकीण. त्यांचे यजमान, सगळ्या पेठेचे अण्णा, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. निम्म्या पेठेच्या वरातीत वाजवून झालं आणि स्वतःच्या मुलीच्या, शालनच्या, लग्नाआधी ते गेले. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. अक्षता पडल्या की शालननं वडिलांच्या फोटोला नमस्कार करायचा, एवढी एकच गोष्ट आक्कांनी मनात धरली होती. फोटोवर उदबत्तीचा धूर बसला होता, तो मी काढायला गेलो. धुराबरोबर अण्णाही निघाले.

"नवी काच बसवून आणतो," असं आक्कांना सांगून मी ते धुकं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सायकल शाहूपुरीकडे हाणली. दस्तगीरचाचांकडे.

चाचा ब्लॉक करायचे. हा धंदा आता समजावून सांगावा लागतो. तेव्हाच्या छापखान्यात फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. चाचा जाळीच्या काचेतून त्याचा पुन्हा फोटो घेत, म्हणजे चेहऱ्याचे हजारो ठिपके होत. सावलीत जाड, उजेडात बारीक. मग ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर तेजाबानं कोरायचे आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा, की झाला छापायचा ब्लॉक. तेजाबानं त्यांची बोटं कायमची पिवळी, जन्मभर हळदीचे नवरदेव असल्यासारखी. कुणीही फोटो घेऊन आला की नावगाव विचारण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "किती पावलांवरनं बघणार?" जाळी जाड की बारीक, ते त्यावर ठरे. मग ते फोटो भिंतीला टेकवून, त्याच्याकडे तोंड ठेवून मागं मागं चालू लागत. दुकान चिमुकलं, त्यामुळे तिसऱ्या पावलाला चाचा रस्त्यावर. एकदा असेच मागं जाता जाता ते केळीवाल्याच्या गाड्यावर जाऊन बसले. उठता उठता त्यालाच म्हणाले, "गाडा जरा मागं घे की, नाक आत्ता कुठं दिसाय लागलंय."

आमची पहिली गाठ भांडणातच पडली. मी एका साप्ताहिकात नवा, मिरजेहून आलेला आणि अतिशहाणा. मुंबईचं एक गुळगुळीत मासिक त्यांच्यापुढे टाकून मी म्हणालो, "आम्हाला अशी बारीक जाळी पाहिजे. तुमचे ठिपके दिसतात."

"पावणं, तुमचा कागद म्हंजी टीपकागद. बारीक ठिपकं शाई पिऊन एकमेकांत मिसळत्यात."

मी हट्ट सोडला नाही. अंक निघाला, तेव्हा प्रमुख पाहुणे कुठले आणि त्यांच्यामागचा पडदा कुठला हे खुद्द पाहुण्यांनाही सांगता येईना. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "ठिपका दिसला म्हणून लाजायचं न्हाय. ठिपका हाय म्हणून तर माणूस हाय." पुढं आठ वर्षं दोस्ती झाली, पण माझं 'पावणं' काही सुटलं नाही.

तर ते पांढरं धुकं मी चाचांपुढे उलगडलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"कशानं धुतला?"

"कढत पाण्यानं."

"साबण न्हाय लावला?"

"थोडा."

"तरीच म्हटलं, टोपी एवढी झ्याक कशी निघाली."

मला रडू यायला लागलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अण्णा गेलं तवा तुमच्याच पेपरात फोटो आलता. ब्लॉक म्याच केलता. बघा जावा छापखान्यात."

ती बातमी मीच लिहिलेली, आणि मला आठवलं नव्हतं! जुन्या ब्लॉकांच्या खोक्यात काडेपेटीएवढे अण्णा सापडले. चाचांनी त्यांची चांगल्या कागदावर छाप घेतली, शेजारच्या फोटोग्राफरकडून ती अडीच फूट करून आणली, आणि ती बघून मी खालीच बसलो. नाक नाही, डोळे नाहीत. नुसता साबुदाणा. थोडा काळा, थोडा पांढरा.

चाचा नमाजाला गेले तेवढ्यात मी त्यात सुधारणा केली. ब्रश आणि शाई घेऊन ठिपक्यांमधल्या फटी भरत सुटलो. ते परत आले तेव्हा अण्णांची मिशी कानापर्यंत पोचली होती.

"ह्ये काय केलंसा?"

"फटी बुजवल्या."

"मधली पांढरी जागा बी अण्णाच हाय की! निम्मा माणूस बुजीवला तुमी!" आठ वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

दुसरी प्रत लग्नाच्या आदल्या दिवशी मिळाली. मी सुचवलं, आक्कांना सांगू या की हल्ली अशाच फोटोंची पद्धत आहे. चाचा म्हणाले, "खोटं बोलायचं ते तुमी बोला. मी पावलं मोजाय येतो."

आणि आले. नवरीच्या पाटाजवळ मांडलेलं चित्र त्यांनी उचललं आणि मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाला टांगलं. आक्का लगबगीनं तिथं आल्या, चित्राला नाक लावून बघू लागल्या. "ह्ये काय रं? रांगोळीचं ठिपकं?"

चाचा म्हणाले, "वहिनी, मागं या. तोंड तिकडंच ऱ्हाऊ द्या."

आक्का मागं सरकू लागल्या. मी त्यांच्या पाठीमागच्या खुर्च्या ओढून वाट करत होतो. चार पावलं. सहा. आठव्याला त्या हळू झाल्या. अकराव्याला थांबल्या, आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

एरवी आक्कांचा पदर खांद्यावर असायचा. डोक्यावर यायचा तो दारात अण्णांची सायकल वाजली की.

"ह्येच की," त्या हळूच म्हणाल्या. "वाजवायच्या आधी असंच बघायचं."

आठ दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला, आणि त्या भरात माझं तोंड सुटलं. "आक्का, तो जुना फोटो मी..."

"ठावं हाय. मोरीतनं काळं पाणी गेलं तवाच वळखलं. आठ दिस बघतीया, कवा सांगतोस."

शालननं नमस्कार केला तो अकरा पावलांवरूनच. मी त्या दिवशी तीन पंक्तींना जेवलो.

पुढं ऑफसेट छपाई आली, ब्लॉक कुणाला लागेनात. चाचा दुकान आवरून गगनबावड्याला मुलीकडे राहायला निघाले. निरोप घ्यायला गेलो तर दुकानात नुसत्या भिंती. म्हणालो, "चाचा, एवढ्या लोकांना मागं जाऊन बघितलंत. मला एकदाही नाही."

त्यांनी मला खांद्याला धरून भिंतीला टेकवलं आणि डोळे बारीक करून मागं मागं निघाले. उंबरा ओलांडला, रस्ता ओलांडला. एक रिक्षा हॉर्न वाजवत थांबली, तिच्याकडे लक्षच नाही. पलीकडच्या पानपट्टीला पाठ टेकली तेव्हा कुठं थांबले. बराच वेळ बघितलं, मान हलवली, आणि सगळ्या शाहूपुरीला ऐकू जाईल असे ओरडले,

"न्हाय पावणं! हितनं बी तसंच येडं दिसताय!"