संघर्षचे पाच गुण

राळेगावच्या बसस्टँडसमोर पिंटूचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकशे दहा किलोचा संघर्ष मुनेश्वर सकाळी साडेदहापासून अवघडून बसला होता, आणि फॉर्म काही पुढे सरकत नव्हता.

जागा क्रीडा मार्गदर्शकाची होती. सरकारी, खेळाडूंच्या कोट्यातली, एकच. वयाच्या अटीत बसायचं संघर्षचं हे शेवटचं वर्ष, आणि साइट पाचला बंद होणार. नाव, गाव, जात, दाखले, सगळं भरून झालं होतं. अडलं होतं एका रकान्यावर: ‘खेळाडूचे वैयक्तिक गुण’. तिथं शून्य टाकलं की लाल अक्षरं उमटायची. शून्यापेक्षा मोठी संख्या टाका.

“भाऊ, तेरा वर्षं खेळले न तुमी?” पिंटूने विचारलं. “एकबी गोल नाई?”

“रग्बीत गोल नसते.”

“मंग जे असते ते?”

“ते मागच्यायचं काम हाय. मी फॉरवर्ड.”

“फॉरवर्ड म्हन्जे तं समोरचा न? मंग समोरच्यानंच कराव.”

आता याला काय सांगायचं? अन किती जणांना सांगायचं? दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून वाकतात, डोक्यात डोकी अडकवतात आणि जीव खाऊन ढकलतात. त्या पहिल्या रांगेच्या उजव्या टोकाला संघर्ष. अख्ख्या आठांचं वजन त्याच्या मानेवर. चेंडू मागून निघतो, कोणीतरी काटकुळा पोरगा तो घेऊन पळतो, रेषेपलीकडे टेकवतो, त्याला म्हणतात ट्राय. पाच गुण. टाळ्या त्याला, फोटो त्याचा. तोवर हा इकडे तोंडातली माती थुंकत असतो.

कॉलेजात तो गोळाफेक करायचा. नागपूरच्या स्पर्धेत एका प्रशिक्षकाने त्याची मान पाहिली आणि पुढे कोलकात्याच्या क्लबने त्याला पगारावर ठेवलं. मग दोन हंगाम कोलंबोत, सहा वेळा देशाचा शर्ट. कमाई काय, तर घासून घासून भज्यासारखे फुगलेले कान, मानेतली सरकलेली चकती आणि डाव्या हाताची दोन बधिर बोटं. कान पाहून लोक अजून विचारतात, “कुस्ती कोठी खेळता, पहेलवान?” त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सगळ्यांत वाईट होतं ते घरचं. आई, प्रभावती, शाळेत खिचडी शिजवायची. प्रत्येक मॅचनंतर बाया विचारत, “पोराचे किती झाले?” एकदा सगळी गल्ली एका मोबाइलभोवती मॅच पाहायला बसली. दीड तासात संघर्षचं तोंड एकदाही दिसलं नाही, कारण ते खाली होतं. त्याने आईला ते वीस वेळा समजावलं. ती दरवेळी “हाव, समजलं” म्हणायची आणि बाहेर जाऊन सांगायची, “त्याचा नंबर येनं बाकी हाय.”

दुपारचे तीन वाजले. पिंटू कंटाळून म्हणाला, “भाऊ, पाच टाका न. कोन पाह्यते?”

“संघनायकाचं पत्र जोडा लागते.”

“मंग त्यालेच लावा फोन.”

संघनायक म्हणजे देशाच्या संघात त्याच्यासोबत खेळलेला, नागपूरकडचाच आयुष. तोच तो काटकुळा. आपल्या गुणांवर केव्हाच सरकारी नोकरीत लागला होता. संघर्षने नाइलाजाने फोन लावला, अडचण सांगितली. आयुष हसला.

“एवढंच न? माह्या नावावर एक्केचाळीस ट्राय हायेत. एक तुले देतो. कोनता पायजे, बोल.”

बाजारात वांगी निवडावीत तसं विचारत होता. पण संघर्षच्या तोंडून उत्तर लगेच निघालं, कारण ते तयारच होतं.

“कोलंबोचा, देशाकडून खेळलो तवाचा. शेवटून दहाव्या मिनिटाचा. चेंडू माह्याजवळ होता, रेषा हातभर. दोघं लटकून होते मले. तू मोकळा होता. म्या तुले देल्ला.”

“असं झालतं का? मले तं नाई आठवत बुवा. घे, तोच घे. पत्र पाठोतो.”

संघर्षने फोन टेबलावर उलटा ठेवला. तेरा वर्षांत केलेलं सगळ्यांत मोठं काम म्हणून तो हीच गोष्ट मनाशी धरून होता. दोघांनाच माहीत होती ती. आता एकालाच. त्याला एवढा राग आला की पिंटूचा कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर फेकावा.

“टाकू?” पिंटूने विचारलं.

“टाक.”

पत्र आलं, जोडलं. पाच टाकताच लाल अक्षरं गेली आणि फॉर्म जमा झाला. साडेचार वाजले होते.

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पिंटूचा फोन, दुसरं काय. प्रभावती गल्लीत साखर वाटून आली होती. तिने त्याच्या हातून छापील कागद घेतला, पाचाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून राहिली.

“मले काहून नाई सांगतलं रे एवढे दिवस?”

त्याने चपला काढून कोपऱ्यात सारल्या.

“सांग न. कसा केला?”

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं आणि ते राहूनच गेलं.

“रेषा हातभर होती,” तो म्हणाला. “दोघं लटकून होते अंगाले.”

“आन तो आयुष? तो नव्हता का?”

“बाजूलेच होता. मोकळा.”

“मंग?”

संघर्षने मान वळवली. ती नेहमीसारखी अर्ध्यातच अडली.

“नाई देल्ला त्याले. मीच गेलो घेऊन.”

“बरं केलं,” प्रभावती म्हणाली आणि उरलेली साखर त्याच्या हातावर ठेवली. “साऱ्यायलेच देत बसला असता तं तुले काय भेटलं असतं?”