आधी पाणी

मंठ्याच्या कॉलेजात एक सर मला सीनियर. दोघंही रसायनशास्त्र शिकवायचो. त्यांची प्रयोगशाळेतली शिस्त घरीही चालायची. ताक करतानाही ते आधी पाणी घेत, मग त्यात हळूहळू दही सोडत. वहिनी हसत म्हणायच्या, "अहो, ताक हाय ते, तेजाब न्हाई!"

एकदा प्रॅक्टिकलसाठी सल्फ्युरिक ॲसिड विरळ करताना मी घाईत उलटं केलं. ॲसिडमध्येच पाणी ओतलं. ते उसळलं, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडापुढे आपला हात धरला. हात मनगटापर्यंत भाजला. प्राचार्य धावत आले, तर हेच म्हणाले, "माझ्याकडूनच जल्दी झाली, साहेब." माझी नोकरी अजून कच्ची होती. मी ते त्यांच्यावरच जाऊ दिलं.

पुढं पोरं विचारायची, "सर, आधी पाणी का आधी हात?" तेही हसायचे आणि त्याच डागाळलेल्या हातानं फळ्यावर लिहायचे, 'आधी पाणी, मग ॲसिड.'

आजही जुन्या जालन्यात भेटले की तोच हात पुढं करतात. "काय करून राह्यलात, मास्तर?" मी पाऊसपाण्याचं बोलतो.

त्या हाताला हसलेली पोरं आता पन्नाशीला आली असतील. त्यांनी हे वाचावं. पाणी मी ओतलं होतं.