वरचे तीन बोल्ट

आमच्या जीपला आता दोनच पेडल आहेत. तिसरं, क्लचचं, मी स्वतः काढलं. ज्या बाईसाठी काढलं ती त्यानंतर त्या सीटवर एकदाही बसली नाही. आता मीच चालवतो. डावा पाय अजून क्लच शोधतो, सापडत नाही, आणि दरवेळी मला राग येतो. राग तसा मला कशाचाही येतो, नाकाच्या शेंड्यावरच असतो. नागपुरात नंदनवन वस्तीत आमच्या गल्लीला विचारा.

जीप जुनी आहे. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो, कॉलनीत राहायचो, तेव्हा घेतलेली. बायको कळमेश्वरच्या पलीकडे एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तिकडे बस दिवसातून दोनदा, तीही मनात आलं तर. म्हणून तिनं जीप शिकायचं ठरवलं. शिकवायला मी शेजारी बसलो आणि तिसऱ्या दिवशी इतका ओरडलो की तिनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली, मला खाली उतरवलं आणि एकटीच निघून गेली. अर्ध्या तासानं परत आली. गिअर एकदाही खरखरला नाही म्हणे.

"तुमी नसले का बराबर पडते गिअर," एवढंच म्हणाली.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत जीप तिचीच होती. पांदणीच्या चिखलातून, नाल्यातून ती अशी गाडी काढायची की मी फिटर असून गप बसायचो.

आणि दरवर्षी धम्मचक्र दिनाला ती कळमेश्वरजवळच्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना दीक्षाभूमीवर आणायची. पुढच्या सीटवर तिची आत्या. ही आत्या म्हणजे छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला आलेली पोर, आता तिला काठीशिवाय उभं राहता येत नाही. मागे सात-आठ जणी पांढरी लुगडी नेसून, एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या. वाटभर गाणी. मला गाडीत जागा नसायची, मी मागून स्कूटरवर. वर्षातला तो एक दिवस बायको कोणाचंच ऐकायची नाही. सकाळी पाचला निघायची म्हणजे निघायची.

तीन वर्षांपूर्वी तिला पहिला झटका आला. त्यातून सावरली, बोलणं नीट, हात नीट, पण डाव्या पायात जोर राहिला नाही. काठी घेऊन घरात फिरायची. एक दिवस मी बाजारातून आलो तर ही पोर्चमध्ये जीपमध्ये बसलेली, दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली दाबून क्लच दाबायचा प्रयत्न करत होती. मला पाहिलं आणि हात काढून घेतले.

"पाय नाई ऐकत माया," म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली आणि हात धरून तिला उतरवलं. त्या वर्षी म्हाताऱ्या आल्याच नाहीत. दुसऱ्या वर्षी गावातल्या कोणाच्या तरी टेम्पोत आल्या, आणि आत्यानं आमच्या घरी येऊन सरळ सांगितलं की टेम्पोत हाडं खिळखिळी झाली, पुढच्या खेपेला तू नेशील तर येईन, नाहीतर मी घरूनच हात जोडते. बायको म्हणाली, मीच नेईन. म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या डोक्यात त्याच रात्री ऑटोमॅटिक शिरलं. क्लचच नको. डाव्या पायाला कामच नको. आमच्याच जीपचं इंजिन त्या कंपनीनं पुढे एका मोठ्या गाडीत बसवलं होतं आणि त्यातल्या काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. तसली एक ठोकलेली गाडी मी सहा महिने फिरून शोधली. गॅरेजवाले हसले. म्हणाले, काका, ह्या वयात कशाले भानगड करून राहिले, विकून टाका. मी त्यांना काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिअरबॉक्स घरी आणला, पोर्चच्या छताला हुक ठोकला, चेनकप्पी टांगली, आणि कामाला लागलो.

आता आमच्या घरातला एक कायदा सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. आमची भांडणं रोजची. पण माफी हा शब्द दोघांच्याही तोंडून कधी निघाला नाही. भांडण झालं की अबोला. मग ज्याची चूक असेल त्यानं उठायचं, चहा करायचा आणि दुसऱ्यापुढे कप ठेवायचा. कप उचलला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. हे कधी ठरवलं असं नाही, लग्नाच्या पहिल्या वर्षातच पडलं. माझा चहा पांचट होतो. ती म्हणायची, तुमच्या हातचा चहा मले महिन्यातून चारदा तरी भेटते, नशीबवान आहो मी. हिशोब खरा होता. माझीच चूक जास्त वेळा असायची आणि तेवढं मी कबूल करायचो.

काम सुरू झालं तशी ती पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायला लागली. मी म्हटलं, बस, पण मध्ये बोलू नको. वह्यांच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा तिनं घेतला आणि त्यावर जुन्या गिअरबॉक्सचं तोंड काढलं, जिथं तो इंजिनला जुळतो ते. फळ्यावर काढल्यासारखं, स्वच्छ. मी गाडीखालून एकेक बोल्ट काढून वर द्यायचो, ती विचारायची कुठला, मी सांगायचो वरचा डावा, वरचा मधला. ती पुठ्ठ्यावर नेमक्या त्याच जागी भोक पाडून बोल्ट टोचून ठेवायची. खाली ठळक अक्षरात नाव. गिअरबॉक्स उतरेपर्यंत पुठ्ठा पुरा भरला होता. मी खापरखेड्यात उभा जन्म काढला, पण असं काम कोणी करून ठेवलेलं पाहिलं नाही. तसं तिला म्हटलं मात्र नाही.

जुना गिअरबॉक्स भिंतीशी सरकवला. नवा चेनकप्पीनं उचलून इंजिनला भिडवला. त्याला चार दिवस गेले, कारण तो कणभर तिरपा झाला तरी बसत नाही. पाचव्या दिवशी, दुपारचे तीन वाजले असतील, तो बसला. माझा जीव भांड्यात पडला. मी खालून हात वर केला आणि ती पुठ्ठ्यावरून बोल्ट काढून देऊ लागली. खालचे बसले. बाजूचे बसले. वरचे तीन काही केल्या बसेनात. अर्धे आत जात, मग अडत, आणि डोक्याखाली बोटभर फट. मी पान्याला पाइप लावला आणि जोर केला. मधला बोल्ट एकदम सैल फिरला. बोल्टला धरणारा आतला आटा गेला होता. इंजिनचा आटा.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, लांब बोल्ट आखूडच्या जागी दिले तू. एवढं साधं काम. एक पुठ्ठा सांभाळायचा होता.

"मी जिथून निघाले तिथंच टोचले जी," ती म्हणाली. "एक डाव पाहून घ्या ना."

"काय पाहू? तीस वर्षं पोराईले काय शिकवलं वं तू? जाय अंदर. मले काम करू दे."

तिनं पुठ्ठा खुर्चीवर ठेवला, काठी घेतली आणि आत गेली. दारात एकदा थांबली, पण वळली नाही.

मी परत गाडीखाली शिरलो. काम काही होत नव्हतं, नुसता पडून होतो. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आली ठिकाणावर. चहा ठेवला. म्हणजे तिला कळलं चूक कोणाची ते.

चहा आला नाही. मी वाट पाहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग वाटलं, करून आत एकटीच पीत बसली असेल, मला जळवायला. तशी ती खट होतीच. मीही हट्टाला पेटलो. चहा बाहेर आल्याशिवाय आत जायचं नाही. जायचं म्हणजे हार मानायची. मी गाडीखाली पडून जुन्या पान्यांना रॉकेल लावत बसलो, ज्याची काही गरज नव्हती. उन्ह भिंतीवरून फाटकापर्यंत सरकलं. घशाला कोरड पडली तेव्हा उठलो, तेही ठरवून की पाणी प्यायचं, तिच्याकडे बघायचं नाही, आणि परत यायचं.

ती ओट्यापाशी फरशीवर पडली होती. डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून डोळे हलले. ओट्यावर चहाचं पातेलं होतं, त्यात पाणी, आणि शेजारी दोन कप काढून ठेवलेले. गॅस पेटवलेला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे केव्हा झालं. मी म्हटलं, दीड तास झाला असेल, जास्तच. ते म्हणाले, घरात कोणी नव्हतं का? मी म्हटलं, मी होतो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नऊ दिवस ती होती. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. ऐकू यायचं. मुलगी पुण्याहून आली, ती रात्री थांबायची, दिवसा मी. चौथ्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मला वाटलं हिच्या मनात ते बोल्टचं राहून गेलं असेल, चहा करायला उठली होती आणि देता आला नाही, तेच खात असेल तिला. म्हणून मी मोठ्या मनाचा झालो. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "बोल्टचं मनाले लावून घेऊ नको. चुकी होते माणसाची. मी माफ केलं तुले."

इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा बोललो, आणि असा बोललो. तिनं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग डोळे मिटून घेतले. कडेनं पाणी आलं. मला वाटलं, मोकळी झाली.

ती गेल्यावर चार महिने मी पोर्चकडे फिरकलो नाही. जीप तशीच, बोनेट उघडं, नवा गिअरबॉक्स अर्धवट जोडलेला. मुलगी म्हणाली, बाबा, भंगारात देऊन टाका. देणारही होतो. मग आत्याचा फोन आला. म्हातारीला फोनवर बोलता येत नाही, ओरडते. म्हणाली, पोरगी गेली, पण दिवस तर येऊन राहिला ना गा, मग आमाले कोण नेते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोर्च झाडला. आटा गेलेल्या भोकात नव्या आट्याची बुशी बसवून घेतली. आता फक्त वरचे तीन बोल्ट लावायचे होते, ते गाडीखालीच पडले होते. पुठ्ठा खुर्चीवरच होता, तिनं ठेवला तसा, धुळीनं भरलेला. वरून बोल्ट देणारं आता कोणी नव्हतं, म्हणून मी म्हटलं, आधी लांब कुठले, आखूड कुठले, ते बघून घेऊ. जुना गिअरबॉक्स भिंतीपासून ओढला आणि त्याच्या भोकांत ते तीन बोल्ट पुठ्ठ्यावरच्या नावांप्रमाणे एकेक करून घालून पाहिले.

वरचा डावा बसला. वरचा उजवा बसला. मधला बसला. जेवढा बाहेर निघायला पाहिजे तेवढाच निघाला. तिन्ही आपापल्या जागी. एकही चुकलेला नव्हता.

मग मी नव्या गिअरबॉक्सच्या वरच्या कडेला बोट लावलं. जिथून बोल्ट जातो तिथं ती कड जुन्यापेक्षा बोटभर पातळ होती. त्याला आखूडच बोल्ट लागतात. नवा डबा, नवे बोल्ट. हे फिटरला नाही समजायचं तर कोणाला? एक डाव पाहून घ्या, म्हणाली होती ती. बोटभर अंतरावर होतं. मी पाहिलं नाही.

म्हणजे ती चुकली नव्हती, आणि तिला ते माहीत होतं. तरी ती काठी टेकत ओट्यापाशी गेली, पातेलं घेतलं, दोन कप काढले. आणि मी दवाखान्यात तिला माफ केलं.

मी तिथंच जमिनीवर बसलो. कोणी पाहतं का याची शुद्ध नव्हती. लहान पोरासारखा रडलो, ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून.

आखूड बोल्ट आणले, लावले, जीप चालू झाली. म्हाताऱ्यांना नेलं. आत्या पुढे बसली आणि कळमेश्वरपासून दीक्षाभूमीपर्यंत स्टिअरिंगकडे पाहत राहिली. त्या दिवशी कोणी गाणं म्हटलं नाही.

चहा मात्र मी सोडला आहे. मुलगी विचारते, काहून, डॉक्टरनं सांगितलं का? मी हो म्हणतो. तिला कसं सांगू? आमच्या घरात ज्याची चूक त्यानं उठायचं होतं. त्या दुपारी चहा माझ्यावर होता. मी उठलो असतो, तर ती पडली तेव्हा मी ओट्यापाशी असतो.