आचारसंहितेपुरतं माहेर

आमच्या घरात एक दुनळी बंदूक आहे. आजोबांची आनेकलकडे थोडी शेती होती, नाचणीत रानडुकरं शिरायची, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. पुढे शेती गेली, तिथे अपार्टमेंट उभी राहिली आणि डुकरं कुठे गेली देव जाणे. बंदूक मात्र रीतसर कागदपत्रं होऊन अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, जे. पी. नगरच्या घरात आली. सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनियर असलेल्या या माणसाने ती आजवर एकदाही झाडलेली नाही.

अण्णा निवृत्त होईपर्यंत ती आईच्या साड्यांमागे निमूट पडून होती. मग अण्णांना पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला वेळ मिळाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना कुठे बांधून घातलं, कुठे लुबाडलं, हे ते नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवू लागले. बंदूक साड्यांमागून निघून कुलपाच्या कपाटात गेली. काडतुसं नियमाप्रमाणे वेगळी, माळ्यावरच्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली देवघरात, आणि माळ्यावर चढायचं स्टूल मागच्या न्हाणीघरात. चोर आलाच असता तर त्याला बसवून कॉफी देण्याइतका वेळ आमच्याकडे नक्कीच होता. आईने हे एकदा बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "तुला चेष्टाच सुचते."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो आयुधपूजेला. या कानडी शहरात खंडेनवमीला मिक्सरपासून बसपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं. आम्हीही स्कूटर, शिवणयंत्र आणि माझा लॅपटॉप पुजायचो. त्या वर्षी अण्णांनी बंदूक बाहेर काढली, तेलपाणी केलं, आणि पुढच्या व्हरांड्यात पाटावर ठेवून तिला झेंडूची माळ घातली. आयुधपूजेला घरातलं एकमेव खरं आयुध कपाटात ठेवायचं म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न होता. चुरमुऱ्यांचा प्रसाद घ्यायला गल्लीतले सगळे आले आणि प्रसाद हातात घेऊन बंदुकीकडे बघत उभे राहिले. नळीवरचं कुंकू आई पुढे आठवडाभर पुसत होती.

दोन दिवसांनी समोरचे गृहस्थ सहकुटुंब उटीला निघाले आणि घराची किल्ली अण्णांकडे देऊन गेले. "सार, तुम्ही असल्यावर आम्हाला कसली काळजी," ते कानडीत म्हणाले. मग शेजारच्यांनी दिली, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी. वर्षभरात सात घरांच्या किल्ल्या आमच्या भिंतीवर लटकू लागल्या. गल्ली उटीला गेली, तिरुपतीला गेली, सिंगापूरलाही जाऊन आली. आई-अण्णा मात्र घरीच, कारण आता सगळ्यांना माहीत होतं की आमच्याकडे बंदूक आहे, म्हणजे ती चोरायला कोणीतरी येणारच. चोरांपासून वाचवणारी बंदूक चोरांपासून वाचवत अण्णा बसले. मला हसू येई, पण हसायचा हक्क मलाही नव्हता. मी वेगळी राहते त्या महादेवपुऱ्यातल्या सोसायटीला दोन गेटं आणि सोळा कॅमेरे असूनही माझे दागिने मी अण्णांच्याच कपाटात ठेवले होते.

आईला जायचं असे ते एकाच ठिकाणी. येलहंक्याला तिची थोरली बहीण एकटी राहत होती. आईवडील गेल्यापासून तेच आईचं माहेर. पण अण्णा घर सोडेनात, आणि आईला एकटीला मुक्कामाला पाठवायला ते तयार नसत. पेपर वाचलेला माणूस.

यातून वाट काढली ती निवडणूक आयोगाने. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करायची, आचारसंहिता उठली की परत आणायची. पहिल्यांदा अण्णा बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन गेले आणि पावती घेऊन आले. त्या दुपारी आईने बॅग भरली. येलहंक्याला दोघंही बारा दिवस राहिली. अण्णा तिथे खुर्चीत बसून घोरत, सकाळी डोक्यावरून विमानं गेली तरी जागे होत नसत. दोघी बहिणी पापड लाटत, भांडत, परत लाटत. शहरात तेव्हाही चोर होतेच; फक्त अण्णांना त्यांची आठवण येत नव्हती.

तेव्हापासून आई लोकशाहीची निष्ठावंत भक्त झाली. विधानसभा झाली की लोकसभा कधी, हे ती बोटांवर मोजे. महापालिकेची निवडणूक लांबत चालली तशी ती भाजीवाल्यापाशी सरकारच्या नावाने बोटं मोडू लागली. "मतदान हा आपला हक्क आहे," ती मला सांगे. कोणाला मत द्यायचं ते तिने कधीच ठरवलं नव्हतं.

मावशीचं दुखणं निघालं ते नेमकं अशा काळात, जेव्हा कुठलीच निवडणूक नव्हती. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली. अण्णा दगड नव्हते. दर रविवारी ते आईला घेऊन जात. पण शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तास जाताना, दोन येताना, आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. मावशी म्हणे, "आज स्वल्प राहा गं, थोडंच." आई अण्णांकडे बघे. अण्णा घड्याळाकडे बघत.

मी म्हटलं, मी येऊन राहते घरी, तुम्ही दोघं जा. अण्णा म्हणाले, "परवाना माझ्या नावावर आहे. बंदूक तुझ्या ताब्यात देता येत नाही, कायदा आहे." मग आईला तरी ठेवा तिथे, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ऑफिसात कामाचा डोंगर होता आणि कायद्याने माझी सुटका केली होती. मला तेव्हा हलकं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

मावशी एका बुधवारी गेली. शेजारणीने फोन केला. आम्ही पोचलो तोवर तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

पुढची निवडणूक लागली तेव्हा मी घरीच होते. अण्णा स्टेशनातून आले आणि पावती फ्रीजवर ठेवून आईजवळ टेकले. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. त्यांनी दोन शेंगा स्वतः मोडल्या, जे त्यांनी यापूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही.

"बंदूक देऊन आलो," ते म्हणाले. "मोकळेच आहोत आता. कुठे जायचं का तुला?"

आईने त्यांच्या मोडलेल्या शेंगा उचलून शिरा काढल्या, कारण त्यांनी त्या काढल्या नव्हत्या.

"सांगा की तुम्हीच," ती म्हणाली. "आता कोणाकडे जाऊ?"