मेढीपुरती भुई

मी विक्रम. वय एक्केचाळीस, पतसंस्थेत नोकरी, लगीन न्हाय. खरं तर हे सांगायची गरजच न्हाय. आमच्या दारातला खड्डा बघितला की गल्लीत नवा आलेला माणूसबी समजून जातोय. ह्यो खड्डा नगरसभेनं ठराव करून ठेवलाय, आणि ही सगळी करणी माझ्या आईची, आक्काताईची.

माझे आप्पा कायम शेताकडं. घरात त्यांचा आवाज फक्त आमटीचा भुरका मारायचा. त्यामुळं दोघांच्या वाटणीचं आपल्यालाच बोलावं लागतंय, असं आई म्हणती. आणि ती कमी पडली न्हाय कधी.

निपाणीच्या अलीकडं आमचं गाव. दोन वर्सांमागं गल्लीत काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला. समोर राहणारे आमचे नगरसेवक मारुतीराव पेढे वाटत आले. "आक्का, भिंतीपासनं भिंतीपर्यंत काँक्रीट! मातीचा कणबी दिसायचा न्हाय!"

आईनं पेढा हातातच धरला. "मग आमच्या विक्रमची मेढ कुठं रोवायची?"

लगीनघरी मांडवाच्या आधी दारात मुहूर्तमेढ रोवत्यात. आंब्याची पानं बांधलेला खांब, त्याला हळदकुंकू. आता माझं लगीन जमायचा पत्ता न्हाय, आणि ह्या बाईला खांबाची काळजी! मी म्हणालो, "आई, आधी बाजारात तुरी तरी येऊ द्या."

"तू गप," आई म्हणाली, आणि सभेच्या दिवशी इरकल नेसून थेट नगरसभेत जाऊन बसली. मी मागनं पळत गेलो. ती नगरसेवकांच्या पहिल्या रांगेत, एका रिकाम्या खुर्चीवर! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अध्यक्ष म्हणाले, "आजवर लोक खड्डा बुजवा म्हणून आले. खड्डा ठेवा म्हणणारी ही पहिलीच बाई." सगळे खो खो हसले. मारुतीराव सगळ्यात मोठ्यानं.

इंजिनिअर म्हैसूरकडचा, मराठी अडखळत बोलणारा. "अम्मा, मधी खड्डा ठेवला तर रस्त्याला तडा जातो."

"खालच्या गल्लीत खड्डा न ठेवता केलाय न्हवं? सा म्हैन्यात फुटला. त्येला काय दिष्ट लागली व्हय?"

मारुतीरावांनी विचारलं, "पण आक्का, पोराचं ठरलंय का कुठं?"

"ठरलं असतं तर मेढ रोवून मोकळी झाली असती. तुमच्या दारात कशाला आली असती?"

"मग ठरल्यावर डब्यात वाळू घालून रोवा की!"

"डब्यात कोथमीर लावत्यात, मारुतीराव! मेढ भुईतच रोवायची. डब्यातला संसार किती दिवस टिकंल?"

आता सभेत कोण हसंना. शेवटी इंजिनिअरच हात जोडून कानडीत 'बरं बरं' म्हणाला, "आयतु अम्मा, आयतु. ठेवतो." ज्यांना पायजे त्यांच्या दारात मेढीपुरती जागा सोडायचा ठराव झाला. मारुतीराव तेवढे उठून म्हणाले, "माझ्या दारात नको. मला गाडी लावायला अडचण हुईल." बाकीच्यांनी लाजेनं मागितलीच न्हाय. अख्ख्या गल्लीत खड्डा एक, तो आमचा.

पुढं काय इचारू नका. कुरिअरवाला पत्ता इचारायचा, तर पोरं सांगायची, "लगीन न झालेला खड्डा हाय न्हवं, तेच घर." आईनं वर सपाट दगड ठेवला, आणि त्याला कुणाचा पाय लागू द्यायची न्हाय. सदलग्याहून पाव्हणे आले, त्यांना पोराच्या आधी खड्डा दाखवला. पाव्हण्यांनी पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले, आणि कळवलं न्हाय. त्या रात्री आई जेवली न्हाय.

आणि ह्या वैशाखात मारुतीरावांच्या लेकीचं, नीलमचं लगीन ठरलं. त्यांनी रंगाच्या डब्यात वाळू घालून मेढ उभी केली. सवाष्णींनी हळद लावायला हात लावला, आणि मेढ कलंडली ती सरळ त्यांच्याच गाडीच्या काचेवर! खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. पण आत नीलमच्या आजीनं रडून घर डोक्यावर घेतलं, अपशकुन झाला म्हणून.

मारुतीराव आमच्या उंबऱ्यात आले. "आक्का, मेढ भुईतच रोवायची, तुम्हीच म्हणालता. तेवढी जागा द्या."

"न्हाय." आईचा आवाज चिरकला. "पयली मेढ माझ्या पोराची. त्येच्यासाठी जपलीया ती भुई. हसलासा न्हवं सभेत?"

मारुतीरावांच्या मागनं नीलम आली. लहानपणी आमच्याच घरात जेवायची ती. डोळं पुसत उभी राहिली. आईनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "आई, द्या की."

आईनं स्वतः वाकून दगड सरकवला. आत जाऊन हळदकुंकवाचा नवा करंडा आणला. तो माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला, हे मला ठाऊक होतं. सगळ्यात आधी तिनंच मेढीला हळद लावली. लगीन उरकंपर्यंत ती मेढीशेजारी पाट टाकून बसलेली. येणारा जाणारा पाव्हणा तिलाच नवरीची आई समजून नमस्कार करायचा, आणि ती खुशाल आशीर्वाद द्यायची.

वरात गेली. मांडववाले मेढ उपटायला आले आणि गदागदा हलवाय लागले. आई पाटावरनं ताडकन उठली.

"हळू रं बाबांनो! कडा ढासळवू नका. आमचं अजून व्हायचंय."