सोमाजीची पितळी दुर्बीण

गोंडपिपरीच्या बाजूला नौदलातून निवृत्त झालेल्या एका साहेबांची शेती होती. सोमाजीनं तिथं पंधरा वर्षं राखण केली. साहेब थकून लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी पितळी दुर्बीण त्याच्या हातावर ठेवली. एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या, मिटली की खिशात मावणारी. स्वतःच्या शेतातलं धान भरायला लागलं की सोमाजी ती देऊन बायकोला, भागीरथाला, मचाणावर बसवायचा. रानडुकरं शिरली की ती हाळी द्यायची आणि तो काठी घेऊन धावायचा.

त्या दुपारी सोमाजी पार पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत कापत होता. भागीरथानं दुर्बीण फिरवली, तर त्याच्या पाठीशी गवतात वाघ दबून बसलेला. तिनं जीव खाऊन हाका मारल्या. वारा उलटा होता. शब्द पोचले नाहीत, नुसता हेल पोचला. जेवायला बोलावते आहे असं समजून सोमाजीनं हात हलवला आणि पुन्हा वाकला. भिंगात तो इतका जवळ होता की तिनं त्याला ओढायला हात पुढं केला.

माणसं पोचली तोवर उरलं होतं ते तिच्या लुगड्यात गुंडाळून आणावं लागलं.

पंचनाम्याच्या वेळी तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. दीर हेमराज शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "वहिनी पाहतच राह्यली."

सासू रोज सकाळी चुलीपाशी बसून एकच विचारायची, शेवटी माझा लेक काही बोलला का. दुर्बिणीत दिसते, ऐकू येत नाई, असं भागीरथा सांगायची. म्हातारी दिवसाला जेमतेम घासभर खायची. महिनाभरानं भागीरथाला ते बघवेना.

"हो बाई," ती म्हणाली. "माय म्हणून हाक मारली त्यानं."

म्हातारीनं डोळे पुसले. मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुले ऐकू आलं, म्हणजे तू जवळच होती. मंग काऊन नाई धावली?"

तुमच्यासाठी खोटं बोलली, असं भागीरथानं पाय धरून सांगितलं. सासूनं पाय ओढून घेतले. ती जवळ असून धावली नाही, हे सांजेपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी बोरिंगवर बायका तिला बघून घागरी उचलून दूर झाल्या. हेमराजनं तिची पेटी अंगणात आणून ठेवली. दुर्बीण त्यानं ठेवून घेतली. मचाणावर आता त्याची बायको बसणार होती.

भागीरथा कुरखेड्याला भावाकडे गेली. तिथं लोकांच्या बांध्यांत धान कापायला जाऊ लागली. पुढच्या पावसाळ्यात सासू वारली. तो निरोप तिला दहावं होऊन गेल्यावर मिळाला.